नैतिक उपभोग

वस्तू किंवा सेवा विकत घेताना किंमत, दर्जा व उपयुक्तता यांबरोबरच तिच्या उत्पादनाचे श्रमिकांवर, प्राणिमात्रांवर व निसर्गावर होणारे परिणाम लक्षात घेऊन केलेली निवड म्हणजे नैतिक उपभोग होय. ग्राहक-संरक्षणाच्या कल्पनेहून ही कल्पना भिन्न आहे. भेसळ, वजनमापातील लबाडी, अवाजवी किंमत इत्यादींपासून ग्राहकाचे रक्षण करणे हा ग्राहक-संरक्षणाचा हेतू असतो. ग्राहकाच्या खरेदीमुळे इतरांची हानी होऊ नये, हा नैतिक उपभोगाचा हेतू असतो. पहिल्यात ग्राहकाच्या हक्कांवर भर असतो, तर दुसऱ्यात त्याच्या कर्तव्यांवर.

नैतिक उपभोगाचे सामान्यतः चार प्रकार आढळतात : (१) विशिष्ट उत्पादकाच्या वा देशाच्या मालावर बहिष्कार, (२) न्याय्य रीतीने तयार झालेल्या मालाची जाणीवपूर्वक खरेदी, (३) एखाद्या वस्तूचा कायमचा त्याग आणि (४) एकूण उपभोगच मर्यादित ठेवणे. यांपैकी कोणताही मार्ग पत्करला, तरी ग्राहकाला दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात : हातातील वस्तू कोणत्या परिस्थितीत तयार झाली आणि ती घेतल्याने वा नाकारल्याने नेमके काय घडेल? व्यवहारात ही दोन्ही उत्तरे मिळणे अवघड असते.

ऐतिहासिक आढावा : उपजीविकेच्या साधनांचा नैतिक विचार प्राचीन आहे. बौद्ध परंपरेत उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार करू नये, असे सांगितले आहे. जैन परंपरेतही हिंसा घडविणारे व्यवसाय श्रावकाला निषिद्ध मानले आहेत. तथापि या विचाराचा रोख मुख्यतः व्यवसाय करणाऱ्याकडे होता. दूरदेशी राबणाऱ्या अनोळखी श्रमिकाच्या हालांना खरेदीदारही जबाबदार असतो, हा विचार सागरी व्यापाराच्या विस्ताराबरोबर अठराव्या शतकात पुढे आला. अमेरिकेतील क्वेकर पंथीय जॉन वूलमन (१७२०–७२) याने गुलामांच्या श्रमांतून तयार झालेली साखर वर्ज्य केली होती.

या विचाराला व्यापक चळवळीचे स्वरूप प्रथम ब्रिटनमध्ये आले. गुलामांचा व्यापार बंद करण्याविषयीचे विधेयक एप्रिल १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने फेटाळले. त्याच वर्षी विल्यम फॉक्स याने एक पत्रक प्रसिद्ध करून वेस्ट इंडीजची साखर व रम सोडून देण्याचे आवाहन केले. आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती वर्ज्य केली, तर एका माणसाची गुलामी वा हत्या टळेल, असा हिशेब त्याने मांडला. साखर सोडणाऱ्यांची संख्या सु. ३ लाख असल्याचा अंदाज टॉमस क्लार्कसन (१७६०–१८४६) याने नोंदविला आहे. मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रियांचा या चळवळीत मोठा वाटा होता. घरातील खरेदी हेच त्यांच्या हातातील राजकीय साधन होते. गुलामांच्या श्रमांनी तयार न झालेली साखर म्हणून पूर्वेकडील, म्हणजे भारतातील, साखरेची जाहिरात होऊ लागली व तसा मजकूर असलेली साखरपात्रेही विक्रीस आली. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला व वसाहतींतील गुलामगिरी नष्ट करणारा कायदा १८३३ मध्ये केला. मात्र त्यानंतर उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात येऊ लागले. १८३४ पासून मॉरिशसला गेलेल्या अशा मजुरांत कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेले मराठी भाषकही होते व त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. करारबद्ध मजूर भारताबाहेर पाठविणे १९१७ मध्ये थांबले. अशा रीतीने साखरेवरील एक डाग पुसला गेला, तरी तिच्यामागील सक्तीचे श्रम दुसऱ्या नावाने चालूच राहिले.

अमेरिकेत बेंजामिन लंडी (१७८९–१८३९) याने केवळ स्वतंत्र मजुरांनी तयार केलेला माल विकणारे दुकान १८२६ मध्ये बॉल्टिमोर येथे काढले. याच उद्देशाने १८३८ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय संघ १८४७ मध्ये विसर्जित झाला. असा माल महाग असे, त्याचा पुरवठा अपुरा पडे आणि गुलामांनी पिकविलेला कापूस तर जवळजवळ प्रत्येक कापडात असे. प्रत्येक वस्तूचे मूळ शोधण्यात कार्यकर्त्यांची शक्ती खर्ची पडते, असा आक्षेप गुलामगिरीविरोधी चळवळीतूनच घेतला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रयत्नांना वेगळे वळण मिळाले. अमेरिकेत १८९९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ग्राहक संघाने फ्लॉरेन्स केली (१८५९–१९३२) हिच्या नेतृत्वाखाली ‘पांढरे लेबल’ सुरू केले. बालमजूर न ठेवणाऱ्या व कारखानाविषयक कायदे पाळणाऱ्या कारखान्यांतील शिवलेल्या कपड्यांना ते मिळे. लेबल देण्यासाठी कारखान्यांची पाहणी करणाऱ्या या संघाजवळ श्रमिकांच्या स्थितीची माहिती साठत गेली. स्त्री-कामगारांसाठी दहा तासांच्या दिवसाची मर्यादा घालणारा ऑरेगन राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९०८ मध्ये वैध ठरला, त्या खटल्यात याच संघाने पुढाकार घेऊन अशी माहिती न्यायालयापुढे ठेवली होती. लेबलाची जागा हळूहळू कायद्याने घेतली.

भारतीय अनुभव : भारतात खरेदीचा नैतिक विचार स्वदेशीच्या रूपाने प्रकट झाला. महाराष्ट्रात गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (१८२८–८०) यांनी १८७० नंतरच्या दशकात स्वदेशीचा प्रसार केला. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते हातच्या सुताची खादी घालून गेले होते. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर विलायती मालावरील बहिष्कार हे राष्ट्रीय चळवळीचे प्रमुख अस्त्र बनले. त्याचबरोबर त्याची दुसरी बाजूही दिसू लागली. स्वदेशी कापड महाग असल्याने गरीब ग्राहकांना व किरकोळ विक्रेत्यांना बहिष्काराची झळ बसली. रवींद्रनाथ टागोर (१८६१–१९४१) यांच्या घरे बाइरे (१९१६) या कादंबरीत हाच पेच आला आहे.

महात्मा गांधींच्या (१८६९–१९४८) प्रेरणेने १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. खादी विकत घेणे म्हणजे खेड्यातील कातणाऱ्या स्त्रीला काम देणे, असे समीकरण रूढ झाले असतानाच त्या स्त्रीला मिळणारी मजुरी निर्वाहाला पुरेशी आहे काय, हा प्रश्न गांधींनी उपस्थित केला. १९३५ मध्ये त्यांच्या आग्रहावरून संघाने कातणाऱ्यांना निर्वाहवेतन देण्याचे तत्त्व स्वीकारले. यामुळे खादी महागेल व तिचा खप घटेल, अशी भीती कार्यकर्त्यांनाच वाटत होती. वस्तू नैतिक म्हणून ओळखली जात असली, तरी तिच्यामागील मजुरी न्याय्य असतेच असे नाही, हे यातून स्पष्ट झाले. जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांनी आपल्या ग्रामोद्योगविषयक लेखनात खरेदीदारावरील या जबाबदारीची तात्त्विक मांडणी केली.

वैयक्तिक व्रताच्या मर्यादेचे एक उदाहरण गांधींच्याच चरित्रात आहे. अधिक दूध मिळावे म्हणून गायी-म्हशींवर केल्या जाणाऱ्या ‘फुका’ या क्रूर प्रकाराची माहिती झाल्यावर १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. पुढे गंभीर आजारात, व्रत घेताना गाय व म्हैस यांचेच दूध मनात होते, या आधारावर त्यांनी शेळीचे दूध घेण्यास प्रारंभ केला. व्रताचा शब्द पाळला गेला तरी आशय भंगला, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे.

प्रमाणन : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापार जागतिक झाल्यावर ग्राहक व उत्पादक यांच्यामधील अंतर भरून काढण्यासाठी प्रमाणनाची पद्धत पुढे आली. मेक्सिकोतील लहान कॉफी-उत्पादकांच्या सहकारी संस्थेची कॉफी विकण्यासाठी नेदर्लंड्समध्ये १९८८ मध्ये ‘माक्स हॅफेलार’ हे चिन्ह सुरू झाले. त्यातूनच ‘फेअरट्रेड’ अर्थात न्याय्य व्यापाराची आंतरराष्ट्रीय व्यवस्था विकसित झाली. हीत उत्पादकांना ठरावीक किमान भाव व त्याशिवाय सामुदायिक कामांसाठी अधिमूल्य दिले जाते. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धती कोसळून भाव गडगडले. त्या काळात किमान भावाचे महत्त्व विशेष जाणवले. भारतात भदोही-मिर्झापूर पट्ट्यातील गालिचे बालमजुरांकडून विणून घेतलेले नाहीत, याची खूण म्हणून ‘रगमार्क’ हे चिन्ह १९९४ मध्ये अस्तित्वात आले. पुढे त्याचे नाव ‘गुडवीव्ह’ असे झाले. पर्यावरणपूरक मालासाठी भारत सरकारने १९९१ मध्ये मडक्याचे चित्र असलेले ‘इकोमार्क’ हे चिन्ह सुरू केले, पण फार थोड्या उत्पादकांनी ते घेतले. २०२४ मध्ये या योजनेचे नवे नियम करण्यात आले.

ग्राहकापुढील अडचणी : (१) माहितीचा अभाव : तयार कपड्यावर सामान्यतः तो कोणत्या देशात शिवला, एवढेच लिहिलेले असते. त्याआधीच्या कापूस पिकविणे, सरकी काढणे, कताई, विणकाम व रंगकाम या टप्प्यांचा त्यावर उल्लेख नसतो. सूतगिरणीत निरनिराळ्या गावांच्या गाठी एकत्र मिसळतात व तेथेच कापसाचे मूळ पुसले जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्या हंगामातील कापसाचे कापड कोणी घातले, हे घालणाऱ्यालाही कळणे शक्य नव्हते.

(२) प्रमाणनाच्या मर्यादा : कोणतेही चिन्ह एका ठरावीक प्रश्नाचेच उत्तर देते. भारतात वेष्टित खाद्यपदार्थांवर सक्तीने छापला जाणारा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे निःसंदिग्धपणे सांगतो. तो करणाऱ्याला वेतन किती मिळाले, हे तो सांगत नाही. तपासणी पूर्वसूचना देऊन व कारखान्याच्याच खर्चाने होत असेल, तर तिचा विश्वास कमी होतो. कराचीमधील एका कपड्यांच्या कारखान्याला सामाजिक जबाबदारीविषयीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, तेथे लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. प्रमाणपत्रांची बनावटही होते : २०२० मध्ये भारतातील सु. २० हजार टन कापूस खोट्या दाखल्यांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखविला गेल्याचे प्रमाणन-संस्थेनेच जाहीर केले. शिवाय प्रमाणनाचा लाभ कोणापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न उरतोच. लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या व आफ्रिकाविद्या संस्थेतील संशोधकांनी इथिओपिया व युगांडा येथे केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फेअरट्रेड उत्पादकांकडील शेतमजुरांचे वेतन इतरांपेक्षा जास्त असल्याचे आढळले नाही. प्रमाणपत्र शेतमालकाच्या संस्थेला मिळते. त्याच्या शेतावर राबणारा मजूर त्या व्यवस्थेच्या बाहेर राहू शकतो.

(३) मूल्यांचा संघर्ष : एकाच वस्तूच्या बाबतीत दोन चांगले हेतू परस्परविरोधी ठरतात. कोल्हापुरी चप्पल हे याचे उदाहरण होय. प्राणिहिंसा टाळू इच्छिणारा ग्राहक कातड्याऐवजी कृत्रिम पदार्थाची चप्पल घेतो. ती खनिज तेलापासून बनते व टाकून दिल्यावर दीर्घकाळ कुजत नाही. उलट बाभळीची साल व हिरडा वापरून कमाविलेल्या कातड्यावर शिवणारे कारागीर, बहुतांशी दलित समाजातील, यांची उपजीविका त्याच कातड्यावर अवलंबून असते. येथे कोणते मूल्य श्रेष्ठ मानावे, याचा निर्णय कोणत्याही चिन्हावरून होत नाही.

(४) परिणामांची अनिश्चितता : बालमजुरांनी तयार केलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये १९९२ मध्ये मांडले गेले. ते संमत झाले नाही. परंतु निर्यात बुडण्याच्या भीतीने बांगला देशातील तयार कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना एकाएकी काढून टाकले. यूनिसेफच्या अंदाजानुसार ही संख्या सु. ५० हजार होती. पाठपुराव्यात यांपैकी काही मुले दगड फोडण्यासारख्या अधिक धोक्याच्या कामांत तर काही वेश्याव्यवसायात ढकलली गेल्याचे आढळले. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व यूनिसेफ यांच्यात करार होऊन मुलांना शाळा व विद्यावेतन देण्याची सोय करण्यात आली. नुसता नकार व पर्यायी व्यवस्थेसह नकार यांतील फरक या घटनेने दाखवून दिला.

(५) किंमत व वेळ : नैतिक म्हणून विकला जाणारा माल बहुधा महाग असतो. ज्याचे स्वतःचे वेतन अपुरे आहे, त्याला स्वस्त माल घेण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे नैतिकता ही सुस्थितांची चैन ठरण्याचा धोका संभवतो. प्रत्येक वस्तूची चौकशी करण्याचा भार पुष्कळदा घर सांभाळणाऱ्या स्त्रीवरच पडतो.

(६) दिखाऊ दावे : ‘नैसर्गिक’, ‘हरित’, ‘पृथ्वीस्नेही’ यांसारख्या मोघम शब्दांनी ग्राहकाच्या सद्‌भावनेचा व्यापारी लाभ उठविला जातो. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून पर्यावरणविषयक दाव्यांना पुराव्याची जोड आवश्यक केली.

लोक नैतिक मालाला तोंडी पाठिंबा देतात, पण प्रत्यक्षात स्वस्त माल घेतात, अशी टीका नेहमी केली जाते. ती अंशतःच खरी आहे. ग्राहकाच्या मनोदुर्बलतेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व विश्वासार्ह माहितीच्या अभावाला आहे.

महाराष्ट्रातील साखर : वरील सर्व अडचणी साखरेच्या बाबतीत एकत्र आलेल्या दिसतात. दरवर्षी सुगीनंतर बीड व मराठवाड्याच्या इतर दुष्काळी भागांतून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडणीसाठी जातात. पति-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी ‘उचल’ घेतलेली असते व ती कामातून फेडावयाची असते; गैरहजेरीबद्दल ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. मासिक पाळी, बाळंतपण वा आजार यांमुळे काम बुडणे परवडत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या सु. ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळून आले.

साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव, हंगाम व साखरेची प्रत छापलेली असते. किराणा दुकानात ती सुटी विकली जाते तेव्हा तेवढेही उरत नाही. साखरेऐवजी गूळ घेतला, तरी ऊस तोडावाच लागतो. साखर अजिबात सोडली, तर कोरडवाहू गावातील त्याच कुटुंबाचे सहा महिन्यांचे काम जाते. साखर महाग झाली, तर वाढीव पैसा तोडणी करणाऱ्या जोडीपर्यंत पोहोचेलच, अशी हमी नाही. कारण ऊस उत्पादकाला रास्त व किफायतशीर दराचे कायदेशीर संरक्षण आहे, तर तोडणीची मजुरी साखर कारखान्यांचा संघ व कामगार संघटना यांच्यातील कराराने ठरते. या मजुरांसाठी राज्य शासनाने कल्याण महामंडळ स्थापिले असून त्याच्या निधीसाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे आकार घेण्याची तरतूद केली आहे. येथे ग्राहकाची सदिच्छा नव्हे, तर सक्तीची वसुली हा मार्ग स्वीकारलेला दिसतो.

संघटन व कायदा : ग्राहकांच्या दबावाला जेथे टिकाऊ यश आले, तेथे त्याची परिणती बंधनकारक नियमांत झालेली दिसते. दुधाच्या भुकटीच्या आक्रमक जाहिरातींमुळे गरीब देशांत अर्भकांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला, या कारणावरून नेस्ले कंपनीवर १९७७ मध्ये अमेरिकेत बहिष्कार पुकारण्यात आला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मातृदुग्धपर्यायांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली व भारताने १९९२ मध्ये त्यासंबंधी कायदा केला.

बांगला देशातील सावर येथील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून तीमधील कपड्यांच्या कारखान्यांतले १,१३४ जण ठार झाले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसूनही कामगारांना आत बोलाविण्यात आले होते. कोणत्या परदेशी कंपन्यांचा माल तेथे तयार होत होता, याचा शोध कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यात सापडलेल्या कपड्यांवरील लेबलांवरून घ्यावा लागला. त्यानंतर काही आठवड्यांतच अनेक आंतरराष्ट्रीय कंपन्या व कामगार संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेविषयी कायदेशीर बंधनकारक करार झाला. स्वतंत्र तपासणी, अहवालांची प्रसिद्धी व दुरुस्तीची सक्ती ही त्याची वैशिष्ट्ये होत.

फ्रान्सने २०१७ मध्ये व जर्मनीने २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठ्याच्या साखळीतील मानवी हक्कांविषयी दक्षता घेण्याचे बंधन घातले. यूरोपीय संघाने याविषयीचा निदेश २०२४ मध्ये संमत केला. परंतु उद्योगांच्या विरोधामुळे २०२५ मध्ये त्याची मुदत पुढे ढकलण्यात आली. अमेरिकेत जून २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार चीनच्या शिंज्यांग प्रांतातून येणारा माल सक्तीच्या श्रमांनी बनला आहे, असे गृहीत धरले जाते व तसे नसल्याचे आयातदाराला सिद्ध करावे लागते. या कायद्यांनी शोध घेण्याचा भार ग्राहकाकडून, ज्याच्याजवळ माहिती असते त्या कंपनीकडे सरकतो.

ग्राहकांच्या स्वतःच्या संघटनाही या दृष्टीने उपयुक्त ठरतात. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून सामुदायिक खरेदी व वाटपाची पद्धत रूढ केली. तिचा मूळ हेतू वाजवी भावात शुद्ध माल मिळविणे हा असला, तरी एकट्या ग्राहकाला अशक्य असलेली चौकशी संघटित ग्राहक करू शकतात, हे तिने दाखवून दिले.

मूल्यमापन : नैतिक उपभोगाविरुद्ध दोन टोकांचे आक्षेप घेतले जातात. एका मतानुसार तो निरर्थक आहे, कारण एका व्यक्तीच्या खरेदीने बाजारात काहीच बदलत नाही. दुसऱ्या मतानुसार तो घातक आहे, कारण योग्य वस्तू घेतल्याच्या समाधानात माणूस नागरिक म्हणून असलेली आपली कर्तव्ये विसरतो. १७९१ च्या साखर-बहिष्कारापासून आजवरचा अनुभव पाहता दोन्ही आक्षेप अपुरे ठरतात. बहिष्काराने गुलामगिरी नष्ट झाली नाही. पण ज्यांनी चहातील साखर सोडली, त्या घरांत गुलामगिरी हा रोजच्या बोलण्याचा विषय झाला व पुढे संसदेकडे गेलेल्या अर्जांवर सह्या करणारा समाज त्यातून घडला. निष्कलंक वस्तू मिळविणे एकट्या ग्राहकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. वस्तू कोठून आली, कोणी बनविली व त्याला काय मिळाले, हे विचारणे मात्र त्याच्या आवाक्यातले आहे; आणि ते पुरेशा लोकांनी विचारले, म्हणजे उत्तर देण्याचे बंधन विक्रेत्यावर घालणारा कायदा होण्यास वाव मिळतो.